रेट्रो फंक आणि ब्राझीलचा सांबा सोल: काय लावायचं, काय सोडायचं

कव्हरवर नारिंगी-तपकिरी पट्टे, जाड गोल अक्षरं आणि बेलबॉटम घातलेला एखादा गॉगलवाला दिसला की समजायचं आत "रेट्रो ग्रूव्ह" आहे. आणि बऱ्याचदा होतं काय की आत नुसतं कव्हरच असतं. सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सुरांचं मशीन, जुना, माइक जुना, टेपची खरखर पण मुद्दाम घातलेली, सामान सगळं बरोबर आणि गाणं मात्र जागचं हलत नाही. मी सध्या हेच ऐकायलोय, अमेरिकेतला मॉडर्न फंक आणि ब्राझीलचा सांबा सोल, जुना-नवा दोन्ही, तर जे वेळ आणि पैसे घालवण्यासारखं वाटलं ते आणि जे नाही वाटलं ते, दोन्ही लिहून टाकतो. मी काही संगीत शिकलेला नाही, सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि कानात हेडफोन असतो, एवढीच माझी लायकी, त्यामुळे सूर-श्रुतीचं काही मिळणार नाही इथं.

आधी एक गोष्ट सांगतो कारण मी सगळे अल्बम त्यावरच तोलतो. फंक म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं नाचायचं संगीत, त्यात सगळं वजन पहिल्या ठोक्यावर. फंकचा बाप जेम्स ब्राऊन, त्याचा बँडला हाच हुकूम असायचा, मधे काय वाजवायचं ते वाजवा पण "एक"वर सगळे एकत्र या. सांबा म्हणजे ब्राझीलच्या कार्निव्हलचा ठेका, त्यात उलटं, तिथं सुर्दो नावाचा मोठा ढोल असतो तो दोनवर दणका देतो, एकवर नुसता हुंकार. आता ही दोन वजनं एकाच गाण्यात घातली की काय होतं, बास एकाकडं ओढतो, ढोल दोनाकडं, आणि मधल्या ओढाताणीत आपले पाय सापडतात. सांबा सोल म्हणतात तो हाच प्रकार. आणि हे वाजवायला माणसंच लागतात. आपल्याकडं गणपतीत लेझमाचे ताफे निघतात ते आठवा, शे-दीडशे पोरं एकाच ठेक्यावर असतात पण प्रत्येकाची छनक केसभर पुढंमागं पडते म्हणून तर तो आवाज अंगावर येतो, तीच छनक कॉम्प्युटरवर एका रेषेत बसवली तर राहील काय त्यात. तर माझा सगळा रिव्ह्यू एवढ्यावरच आहे, की अल्बममध्ये तो केसभर फरक आहे का नाही. जुनी मशिनं वापरली का नवी ह्याच्याशी मला देणंघेणं नाही.

सुरुवात करायची तर १९७६ च्या 'आफ्रिका ब्राझील'पासून करा. जॉर्ज बेन हा रिओचा माणूस, १९६३ मध्ये पहिल्याच अल्बममधल्या 'मास के नादा'नं नाव झालं, पुढं ते गाणं जगभर गेलं, तुम्ही नक्की ऐकलंय, नाव माहीत नसेल एवढंच. पुढं बरीच वर्षं साध्या गिटारवर स्वतःचाच एक ठेका काढत बसला, असा ठेका की गिटारच ढोल वाटावी, आणि ह्या अल्बमला येऊन त्यानं ती गिटार बाजूला ठेवली आणि इलेक्ट्रिक हातात घेतली. पहिलंच गाणं 'उंबाबाराउमा', आफ्रिकेतल्या एका सेंटर फॉरवर्डवर. फुटबॉलवरचं गाणं म्हटल्यावर मला वाटलं नारेबाजी असेल, पण ते इतकं जड आहे, खालून बास आणि ढोल मिळून अशी भिंत उभी करतात आणि वरून बायकांचा कोरस, पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं की हे प्रकरण वेगळं आहे. पुढं अजून एक गाणं झिकोवर आहे, फ्लॅमेंगोची दहा नंबरची जर्सी. मधे कुठंतरी हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, किमयागारांचा आद्यगुरू, आणि लोखंडाचं सोनं करायची किमया-बिमया पण येते, कारण ह्या माणसाला त्याचा नाद होता, दोन वर्षं आधी १९७४ मध्ये 'ताबुआ दे एस्मेराल्दा' नावाचा पूर्ण अल्बमच त्यानं त्या नादात केलेला. तो पण भारी आहे पण तो शांत बसून ऐकायचा, हा उभं राहून.

आणि ह्यात 'ताजमहाल' नावाचं गाणं आहे. होय, आपलाच. शहाजहान आणि मुमताजची गोष्ट, मी ऐकलेली सगळ्यात सुंदर प्रेमकथा आता तुम्हाला सांगतो अशी सुरुवात करतो आणि मग गोष्ट राहते बाजूला, पुढं नुसतं "ते ते तेतेरेते". हे गाणं त्यानं पहिल्यांदा १९७२ मध्ये केलं, मग १९७५ मध्ये ब्राझीलचाच मोठा गायक जिल्बेर्तो जिल, त्याच्याबरोबर बसून चौदा मिनिटं ताणलं, आणि १९७६ मध्ये इलेक्ट्रिक करून इथं घातलं. तिन्ही ऐकून बघा, एकाच गाण्याला तीन वेगळे कपडे कसे बसतात ते कळेल. ह्याची पुढची गोष्ट अजून मजेशीर. १९७८ मध्ये रॉड स्टुअर्टचं एक डिस्को गाणं जगभर वाजलं, 'डू या थिंक आय ॲम सेक्सी', त्याची चाल ऐकली की "अरे हे तर तेतेरेते" असं होतं, जॉर्ज बेननं दावा ठोकला, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. स्टुअर्टनं त्या गाण्याची रॉयल्टी युनिसेफला देऊन टाकलेली. आणि २०१२ मध्ये आपल्या आत्मचरित्रात त्यानं कबूल केलं की रिओच्या कार्निव्हलला गेलो होतो, चाल डोक्यात बसली असणार, नकळत उचलली. आमच्या ऑफिसात हे सांगितलं तर एकजण म्हणाला ताजमहालाची चोरी पहिल्यांदा ऐकतोय बे.

नावं ठेवायचीच तर आवाज थोडा चेपलेला आहे, स्वस्त ब्लूटूथ स्पीकरवर खालचं सगळं एकत्र होतं आणि नुसता गोंगाट ऐकू येतो. पण हा दोष अल्बमचा म्हणावा का स्पीकरचा, मी स्पीकरचा म्हणतो.

दुसरा अल्बम 'मारिया फुमासा', बांदा ब्लॅक रिओ, १९७७. ह्यात गाणारं कोणी नाही. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बास, गिटार, की-बोर्ड, ड्रम, सात माणसं आणि अर्ध्या तासाच्या आसपास काम. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालात तर सोलापूर सुटताना लावा, मोहोळ मागं पडेपर्यंत संपतो. आणि नावच वाफेच्या इंजिनाचं आहे त्यामुळं रेल्वेच्या गावाला तर शोभतोच. मला विचाराल तर सांबा आणि फंक एकत्र करायचं काम ह्यांच्याइतकं कोणीच सरळ केलेलं नाही. 'मिस्टर फंकी सांबा' म्हणून एक ट्रॅक आहे, बास वाजवणाऱ्या जामिल जोआनेसनंच बांधलेला, तो बास ऐका, एक सूर सुद्धा फालतू नाही आणि जिथं वाजवायचं नाही तिथं खरंच वाजवत नाही. आजच्या बासवाल्यांना हे जमत नाही, मोकळी जागा दिसली की भरलीच पाहिजे. जुन्या ब्राझिलियन गाण्यांना पण त्यांनी हात घातलाय, आरी बारोसोचं, लुईझ गोंझागाचं 'बायाओ', पण श्रद्धांजली वगैरे भानगड नाही, सरळ ब्रास सेक्शन लावून पळवलंय. माझा एक मित्र बँजो पार्टीत ऑक्टापॅड वाजवतो, लग्नसराईत त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, त्याला गाडीत हे ऐकवलं तर तो तीन गाणी गप्प बसला आणि मग एवढंच बोलला, "ह्यात पॅड नाही बे, सगळं हातानं वाजवायलेत." मग परत पहिल्यापासून लाव म्हणाला.

हे सगळं कुठून आलं तेवढं थोडक्यात सांगतो. ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्करी राजवट होती. सत्तरीत रिओच्या उत्तरेकडच्या वस्त्यांमधली, उपनगरांमधली काळी पोरं शनिवार-रविवारी क्लबात जमायची आणि अमेरिकन सोल (चर्चच्या गाण्यातून आलेलं, जीव ओतून गायचं काळ्या लोकांचं संगीत) आणि फंकवर नाचायची, मोठे केस, उंच टाचेचे बूट, हजारोंनी गर्दी. सोल ग्रां प्री, फुराकाओ २००० असे साउंड सिस्टिमवाले गट होते, आपल्याकडं डॉल्बीवाल्यांची नावं कशी गाजतात तशीच त्यांची. १९७६ मध्ये पेपरात ह्याला ब्लॅक रिओ म्हटलं गेलं आणि मग दोन्हीकडून शिव्या, सरकारी लोकांना वाटलं काहीतरी राजकारण शिजतंय म्हणून पोलिसांची नजर, आणि सांब्याच्या जुन्या भक्तांना वाटलं पोरं अमेरिकेची नक्कल करायलीत. ह्या बँडनं नाव पण तेच घेतलं आणि उत्तर वाजवून दिलं. सॅक्सोफोनवाला ओबेरदान मागाल्याइंस १९८४ मध्ये गेला, पुढं त्याचा मुलगा विल्यमनं बँड परत उभा केला.

टिम मायाबद्दल लिहायला बसलं तर रात्र पुरायची नाही. १९५९ मध्ये कोवळ्या वयात अमेरिकेला गेला, तिथं सोल शिकला, गांज्याच्या केसमध्ये सापडला, परत पाठवून दिला. १९७० मध्ये पहिला अल्बम आला आणि ब्राझीलला सोल म्हणजे काय ते कळलं. आवाज असा की खोलीत शिरला की फर्निचर सरकावं. पण मी रिव्ह्यू करतोय 'रासिओनाल'चा, दोन भाग, १९७५ च्या आसपासचे. झालं काय की हा मोठ्या कंपनीसाठी डबल अल्बम करत होता, वाजवून झालेलं, शब्द राहिलेले, तेवढ्यात ह्याच्या हाताला एका पंथाचं पुस्तक लागलं. माणूस दुसऱ्या वरच्या जगातून इथं पडलाय आणि हे पुस्तक वाचलं की सुटका, असलं काहीतरी. टिमभाऊ एकदम भक्त. दारू बंद, बाकीचं पण बंद, पांढरे कपडे, आणि सगळ्या गाण्यांचे शब्द त्या पुस्तकाच्या प्रचाराचे. कंपनी म्हणाली आम्हाला नको, तर ह्यानं स्वतःच्या लेबलवर काढला. थोड्याच दिवसांत भ्रमनिरास झाला आणि मग त्या रेकॉर्डचं नाव सुद्धा काढू देईना, बाजारातून उचलायला लावल्या. साहजिकच त्या दुर्मिळ झाल्या आणि नंतरच्या पिढीनं त्याच डोक्यावर घेतल्या.

आता ऐकायला कसा आहे? शब्द कळत नाहीत हे आपलं नशीबच समजा, कारण प्रत्येक गाण्यात पुस्तक वाचा, पुस्तक वाचा एवढंच आहे. पण व्यसनं सुटल्यामुळं आवाज त्याच्या आयुष्यातला सगळ्यात स्वच्छ लागलाय आणि बँड एवढा सैल, एवढा निवांत वाजतो की काय सांगू. 'इमुनिझासाओ रासिओनाल' हे एक गाणं जरी ऐकलं तरी पैसे वसूल. मागं एक बारा मिनिटांचं इंग्रजीतलं आहे ते मात्र इंग्रजीत असल्यामुळं शब्द कळतात, आणि तिथं हसू आवरत नाही. पूर्ण अल्बम नको असेल तर ल्वाका बॉप लेबलनं २०१२ मध्ये काढलेलं त्याचं सिलेक्शन आहे, 'नोबडी कॅन लिव्ह फॉरेव्हर', नवख्या माणसानं तिथूनच शिरावं. १९९८ मध्ये स्टेजवर गाताना कोसळला आणि काही दिवसांत गेला, वय ५५.

त्याच काळातला कासियानोचा 'क्युबन सोल' पण घ्या जमलं तर, १९७६ चा, हळू आहे, रात्री साडेअकरानंतरचा.

मधेच एक सांगायचं राहील म्हणून सांगतो, हे सगळं आपल्या कानाला एवढं परकं का वाटत नाही. आरडी बर्मनच्या टीममध्ये अमृतराव काटकर रेसो-रेसो वाजवायचे, ते खाचा पाडलेल्या दांड्यावर घासून करतात ते खर्रर-खर्र, ते मुळात ब्राझीलमधलंच वाद्य, तिकडं रेको-रेको म्हणतात. आपण लहानपणापासून रेडिओवर ते ऐकत आलोय, फक्त पत्ता माहीत नव्हता. त्यामुळं आमच्या आईला सुद्धा बांदा ब्लॅक रिओ "पंचमसारखं" वाटलं, आणि टक्सिडो लावला तर म्हणाली हे लग्नातलं.

तर टक्सिडो. इथून अमेरिकेकडं येतो. मेयर हॉथॉर्न गाणारा आणि जेक वन हिप-हॉपचा प्रोड्युसर, दोघांनी २०१५ मध्ये पहिला अल्बम काढला, ऐंशीच्या सुरुवातीचा बूगी फंक, सिंथचा बास, टाळ्या, चकाचक. दोन गाणी एकदम भारी, गाडीत लावा, जिममध्ये लावा. पण सगळा अल्बम सलग लावला की सहाव्या गाण्याला मला कळेना मी पाचवंच ऐकायलोय का सातवं. प्रत्येक टाळी बरोबर तिथंच. आईचं म्हणणं खोटं नाही. पुढचे दोन अल्बम पण आले, २०१७ आणि २०१९, तीच तऱ्हा, इस्त्री एकदम कडक.

आता तुम्ही म्हणाल मशिनवर केलं की असंच होणार. नाही. डेम-फंक ऐका. लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडिनाचा हा माणूस, मॉडर्न फंक हे नाव लोकांच्या तोंडी बसलं त्यात ह्याचा मोठा वाटा, २००६ पासून दर आठवड्याला फंकमॉस्फिअर नावाची नाइट चालवायचा, नुसत्या रेकॉर्ड लावून. २००९ मध्ये स्टोन्स थ्रो लेबलवर त्याचा 'टोइचिझोन' आला, दोन तासांच्या वर, पाच रेकॉर्डांचा गठ्ठा. ड्रम मशीन, सिंथ, बस, माणूस एकटाच. आणि तरी ह्यात तो केसभर फरक आहे, कारण की-बोर्डवर हात तो स्वतः चालवतो आणि चुकार सूर पुसत बसत नाही. दोन तास जास्त होतात हे खरं, मधली काही गाणी नुसती तरंगत राहतात, पण रात्री विजापूर रोडनं गाडी रिकामी पळत असेल तर ह्याच्यासारखं दुसरं काही नाही. रॅपर स्नूप डॉगबरोबर २०१३ मध्ये केलेला अल्बम छोटा आहे, ज्यांना दोन तास झेपणार नाहीत त्यांनी तो घ्यावा.

वल्फपेक माहीत असेलच, मिशिगन युनिव्हर्सिटीतल्या पोरांचा बँड. २०१४ मध्ये ह्यांनी नुसत्या शांततेचा अल्बम स्पॉटिफायवर टाकला, दहा ट्रॅक, प्रत्येक अर्ध्या मिनिटाचा, आवाजच नाही, आणि फॅन लोकांना सांगितलं झोपताना लूपवर लावून ठेवा. वीसेक हजार डॉलर जमले आणि त्यावर फुकट एंट्रीची टूर केली, स्पॉटिफायनं मग अल्बम उडवला. २०१९ मध्ये मोठ्या लेबलशिवाय मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरवलं. हुशारी मानली. जो डार्टचा बास म्हणजे शिकणाऱ्या पोरांसाठी शाळाच आहे. पण मला ते गाणं कमी आणि प्रॅक्टिकलची परीक्षा जास्त वाटतं, बघा मी काय वाजवू शकतो. यूट्यूबवर बघायला मजा, अल्बम म्हणून परत परत लागत नाही माझ्याकडून.

सिल्क सॉनिकवर फार बोलायचं नाही, २०२१, ब्रुनो मार्स आणि अँडरसन पाक, जुना फंक बासवाला बूट्सी कॉलिन्स सूत्रसंचालक, एकतीस मिनिटं, सगळं जागच्या जागी. ऐकायला गोड आहे, घरात सगळ्यांना चालतो. दोन वर्षांत आठवण येत नाही. त्यापेक्षा डॅपटोन लेबलचं काही घ्या, शॅरन जोन्स आणि डॅप-किंग्ज, ब्रुकलिनमधल्या घरात आठ ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड करायचे, ही बाई आधी तुरुंगात गार्डची नोकरी करायची, चाळिशीत नाव झालं, २०१६ मध्ये कॅन्सरनं गेली. तिच्या आवाजात रेट्रो-बिट्रो काही नाही, ती तशीच गायची.

परत ब्राझील, ह्यावेळी नवीन माल. माझा सगळ्यात आवडता 'सिंतेतिझामोर', २०१७, जोआओ दोनातो आणि त्याचा मुलगा दोनातिन्यो. बाप त्यावेळी ऐंशीच्या पुढं, बोसा नोवाच्या (सांब्याचा मऊ, हळू प्रकार) काळापासूनचा पियानोवाला, आणि पोरानं त्याला सिंथ आणि व्होकोडरच्या (माणसाचा आवाज यंत्रासारखा करणारं मशीन) गराड्यात बसवलंय. कागदावर ऐकलं तर वाटतं म्हाताऱ्याची चेष्टा लावलीय का. पण म्हातारा त्या सिंथमध्ये सुद्धा असा उशिरा, आरामात सूर टाकतो की पोराची सगळी मशिनं त्याच्या चालीनं चालायला लागतात. टक्सिडो आणि हा अल्बम पाठोपाठ लावून बघा, सामान जवळजवळ तेच, फरक लगेच कळेल. दोनातो २०२३ मध्ये गेला.

मार्कोस वाली पण तसाच, जन्म १९४३ चा, १९८३ मध्ये 'एस्त्रेलार' म्हणून व्यायामावरचं गाणं केलं ते आज पण पार्ट्यांत वाजतं, आणि २०१९ मध्ये लंडनच्या फार आउट लेबलवर 'सेंप्रे' काढला, डिस्को, बूगी, सगळं. बास अझिमुथ बँडच्या आलेक्स माल्येरोसचा, म्हणून खालची बाजू पक्की आहे. अझिमुथचा १९७९ चा 'लाइट ॲज अ फेदर' पण त्याच फटक्यात ऐकून टाका. 'सेंप्रे'मध्ये एक-दोन गाणी हॉटेलच्या लॉबीत लावल्यासारखी आहेत, ती ढकलायची पुढं.

सेउ जॉर्जचा 'म्युझिकास पारा शुरास्को' भाग एक, २०११. तुम्ही ह्याला 'सिटी ऑफ गॉड'मध्ये पाहिलाय, बस कंडक्टर नेड. शुरास्को म्हणजे अंगणात मांस भाजायची पार्टी, त्यासाठीचीच गाणी, गल्लीतली एकेक पात्रं, बायकोची मैत्रीण काय, डोक्यानं सटकलेली बाई काय. जानेवारीत शेतात हुरड्याला मी हा लावला, लहान पोरांपासून काकांपर्यंत सगळे डोलले, शब्द कोणाला कळत नव्हता. पण खरं सांगायचं तर त्याचा २००१ चा पहिला अल्बम जास्त चांगला, 'सांबा एस्पोर्ते फिनो', बाहेर तो 'कॅरोलिना' नावानं मिळतो, त्यात भूक आहे अजून. आणि कंपनी म्हणून ट्रिओ मोकोतोचा 'सांबा रॉक' घ्या, तो पण २००१ चाच, ही तीन माणसं सत्तरीच्या तोंडावर जॉर्ज बेनच्या मागं वाजवायची. त्यात कुईका ऐका, ढोलाच्या आत मधोमध काडी असते ती ओल्या फडक्यानं चोळायची, कण्हल्यासारखा, हसल्यासारखा आवाज येतो, पहिल्यांदा ऐकून आमच्या ऑक्टापॅडवाल्यानं गाडी बाजूला घेतली, म्हणाला फॅनबेल्ट गेला.

एद मोता हा टिम मायाचा भाचा, २०१३ चा 'एओआर' पोर्तुगीज आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढला. रेकॉर्डिंग इतकं देखणं की नवीन हेडफोन तपासायला वापरा. माझ्या तराजूत मात्र हलका, मामाचा घाम कुठं दिसत नाही. लिनिकेरचा 'इंडिगो बोर्बोलेता अनिल', २०२१, ह्याला लॅटिन ग्रॅमी मिळालं आणि ते घेणारी ती पहिली ट्रान्स कलाकार, पण ते सोडा, तिचा आवाज ऐका, खालच्या पट्टीत सुरू करते आणि गाणं कधी वर गेलं ते कळत नाही. सोल जास्त, सांबा कमी, आणि वाजवणारे सगळे एकमेकांकडं बघून वाजवायलेत हे ऐकू येतं.

शोधताना एक सांभाळा. ॲपवर नुसतं ब्राझिलियन फंक टाकलं तर भलतंच येतं, रिओचा आजचा बाइले फंक, तो मायामी बास नावाच्या अमेरिकन हिप-हॉप प्रकारातून निघालेला वेगळाच प्रकार, डॉल्बीचा बाप. वाईट नाही, पण तुम्ही टिम मायाच्या शोधात असाल आणि घरात वडील बसलेले असतील तर अवघड होतं. सांबा सोल, सांबा रॉक नाहीतर सरळ कलाकाराचं नाव टाका.

आणि रेकॉर्डच पाहिजे, एलपीच पाहिजे असं ज्यांचं आहे त्यांच्यासाठी, एकच घ्यायची असेल तर 'मारिया फुमासा' घ्या, छोटी आहे, दोन्ही बाजू सारख्या दमदार, नव्यानं छापलेल्या मिळतात. बाकी स्ट्रीमिंगवर भागतं. फक्त मार्च ते जून सोलापूरला मागवू नका. माझी एक एप्रिलमध्ये आली, कुरिअरच्या गाडीत कुठं किती तापली देव जाणे, प्लेअरवर ठेवली तर सुई लाटांवर चाललेली आणि विकणारा म्हणतो आम्ही पाठवली तेव्हा सरळ होती. दिवाळी ते संक्रांत मागवा आणि पॅकिंगला दोन्ही बाजूनं जाड पुठ्ठा घालायला सांगा, वरचे शे-दोनशे गेले तर जाऊ द्या.